उसंत मिळाली, पण तिचं करायचं काय?

घरातल्या आजारी, अपंग किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची उस्तवार करणाऱ्यालाही सुटी हवी, ही मागणी फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांत अशा कितीतरी जणांची रवानगी मोठ्या संस्थांमध्ये होत असे. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रूक संस्थेतल्या मुलांची दुर्दशा १९७२ मध्ये टीव्हीवर दिसली आणि लोक हादरले. अशा संस्था हळूहळू रिकाम्या होऊ लागल्या. माणसं घरात राहू लागली, हे चांगलंच झालं. पण संस्थेत तीन पाळ्यांमध्ये वाटलेलं काम घरातल्या एकाच व्यक्तीवर, बहुतेक वेळा बाईवर, येऊन पडलं. 'रिस्पाइट केअर', म्हणजे काही काळ दुसऱ्याने जबाबदारी घेण्याची सोय, अमेरिकेत रुजली ती याच दशकात.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला तोंड फोडलं मेरी वेबस्टर यांनी. आईवडिलांच्या सेवेसाठी त्यांनी धर्मोपदेशकाचं काम सोडलं होतं. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं, तेव्हा त्यांच्यासारख्याच असंख्य अविवाहित स्त्रिया पुढे आल्या. १९६५ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. १९७४ मध्ये रग्बी शहरात काळजीवाहकांच्या घरी मदतनीस पाठवणारी योजना सुरू झाली. तिचं मूळ 'क्रॉसरोड्स' या टीव्ही मालिकेतल्या व्हीलचेअरवरच्या पात्रात होतं, आणि नावही तिथूनच आलं. सरकारने १९७६ मध्ये काळजीवाहकांसाठी भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं. त्या घरीच तर असतात, असं गृहीत! ही अट जायला १९८६ उजाडलं.

पुढची वाटचाल मुख्यतः तास आणि दिवस मोजण्याची आहे. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या हॉस्पिस योजनेत, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या शुश्रूषेच्या सोयीत, रुग्णाला एका वेळी पाच दिवसांपर्यंत दाखल करून घरच्यांना मोकळीक देता येऊ लागली. जर्मनीच्या १९९५ च्या काळजी विम्यात, म्हणजे दीर्घकालीन शुश्रूषेच्या खर्चासाठीच्या विम्यात, वर्षाला चार आठवडे बदली माणसाची सोय होती.

मात्र नुसत्या तासांनी ताण उतरतोच असं दिसेना. संशोधक स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांच्या १९९८ मधल्या अभ्यासात, डे-केअर (रुग्णाला दिवसा सांभाळणारं केंद्र) आठवड्यातून किमान दोनदा आणि किमान तीन महिने वापरणाऱ्या काळजीवाहकांचा ताण कमी झालेला आढळला. तुटक, कधीतरी मिळालेल्या सुटीवर फार भिस्त ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

संशोधक डेल लंड यांच्या गटाने पुढे काळजीवाहकांना एक साधा प्रश्न विचारला: या वेळात तुम्ही करता काय? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या पाहणीत जवळपास निम्मे जण आपल्या मोकळ्या वेळाच्या वापरावर फारसे समाधानी नव्हते. तुंबलेली कामं, धावपळ, आणि वेळ संपला. त्यावरून वेळेचं आधीच नियोजन करायला शिकवण्याचा विचार पुढे आला: या आठवड्यात काय हवं ते ठरवायचं, मिळणाऱ्या तासांत ते बसतं का पाहायचं, नाही बसलं तर त्याचं छोटं रूप निवडायचं आणि नंतर काय जमलं ते तपासायचं. यात छंदच हवा असं मुळीच नाही. जे करायचं ठरवलं होतं तेच करता आलं की समाधान वाढतं, मग ते कपाट आवरणं का असेना.