टेन्शन, मेंदू आणि न्यूट्रोफिलचं जाळं

कॅन्सरच्या पेशंटला बघायला आलेल्यांचं बोलणं ठरलेलं असतं. कॉटपाशी म्हणतात, "पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार तिथेच बरा होतो." आणि जिना उतरताना, "जिवाला फार लावून घ्यायची हो, म्हणूनच झालं." म्हणजे आजार तिच्या स्वभावामुळे झाला आणि बरं होण्याची जबाबदारीही तिच्यावरच. मागच्या जन्मीचं पाप म्हणणारे निदान या जन्मीचं तरी काही काढत नाहीत!

नुसत्या तणावाने कॅन्सर होतो का, हे लाखभर लोकांवर तपासून झालंय. 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या 12 अभ्यासांची माहिती एकत्र करून मांडली होती. माणसं 1,16,056. कामाचा जबर ताण असलेल्यांमध्ये आतडं, फुफ्फुस, स्तन किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. त्याआधी, 1997 मध्ये, डेन्मार्कच्या संशोधकांनी पोटच्या पोराला कॅन्सर झालेले 11 हजारांहून अधिक आईबाप घेतले. याहून मोठा ताण कुठला असणार? त्यांच्यातही कॅन्सर वाढलेला दिसला नाही. तणावात माणूस विडी, तंबाखू, दारू जास्त घेतो आणि त्यातून कॅन्सर होतो हे खरं, पण मग गुन्हेगार तंबाखू.

'कॅन्सर होणारा स्वभाव' हा शोध ज्यांनी गाजवला, त्या मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांना तंबाखू कंपन्यांचा पैसा मिळत होता. 2019 मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत त्यांचे 26 शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं ठरलं.

इथेच लेख संपला असता. पण कॅन्सर सुरू होणं वेगळं आणि असलेला कॅन्सर पसरणं वेगळं. पसरण्याच्या बाबतीत मात्र मेंदूचा हात लांबपर्यंत पोचतो, निदान उंदरांत तरी.

धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस दोन वाटांनी हुकूम सोडतो. एक वाट नसांची, तिच्यातून अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचा भाऊबंद नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं. दुसरी रक्तातली: हायपोथॅलॅमसकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला, तिथून किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला, आणि ती कॉर्टिसॉल सोडते. कॉर्टिसॉलच्या कुळाला ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणतात. पहिल्या वाटेवरही बरंच काम झालंय, पण मला भुरळ घातली ती दुसऱ्या वाटेने.

तुमचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट काढा. पांढऱ्या पेशींच्या खाली पहिली ओळ बहुधा न्यूट्रोफिलची असते, साधारण 50 ते 70 टक्के. या पेशी जंतू गिळतात, हे शाळेत शिकलो. 2004 मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचं आणखी एक अस्त्र दाखवलं: न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकतो आणि जंतू त्यात अडकतात. खाडीवर पाग फेकतात ना, अगदी तसं!

हे घडतं कसं ते बघा. डीएनएवर ऋणभार असतो, म्हणून तो हिस्टोन नावाच्या धनभारित प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला राहतो. हिस्टोनचा धनभार येतो बऱ्याच अंशी आर्जिनिन या अमिनो आम्लातून. पीएडी4 नावाचं एन्झाइम त्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करून टाकतं. सिट्रुलिनवर भारच नाही, त्यामुळे पकड सुटते, डीएनए उलगडतो, केंद्रकाचं आवरण फाटतं आणि सगळा गुंता पेशीबाहेर येतो. त्याला इलास्टेजसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइम चिकटलेली असतात, आणि खरी मेख तिथेच आहे. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने 2018 मध्ये दाखवलं की उंदराच्या फुफ्फुसात हे जाळं पडलं की ती एन्झाइम तिथलं लॅमिनिन हे आधार देणारं प्रथिन कापतात. जवळ एखादी निपचित कॅन्सरपेशी असेल, तर तुटलेलं लॅमिनिन तिच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनाला जागं करतं आणि ती पुन्हा विभागू लागते.

2024 मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या गटाने यात तणाव आणला. दीर्घ तणावाखाली ठेवलेल्या उंदरांत ग्लुकोकॉर्टिकॉइड वाढली, जाळी वाढली आणि कॅन्सरचं पसरणं चौपटीपर्यंत गेलं. मग त्यांनी तीन बाजूंनी साखळी तोडून पाहिली. न्यूट्रोफिलच काढून टाकले. डीएनएज हे डीएनए कापणारं एन्झाइम देऊन जाळी विरघळवली. ज्यांच्या न्यूट्रोफिलना ग्लुकोकॉर्टिकॉइड ओळखताच येत नाही असे उंदीर घेतले. तिन्ही वेळा तणावाचा तो परिणाम नाहीसा झाला. एकाच निष्कर्षाला तीन वेगळ्या रस्त्यांनी पोचणं, याला म्हणायचं प्रयोग. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'हसा आणि कॅन्सर पळवा'वाल्यांनी यातला एक तरी करून दाखवावा.

पण उंदीर तो उंदीर. अशा प्रयोगांत त्याला बऱ्याचदा रोज काही तास अरुंद नळीत कोंडतात, आणि त्याची गाठही ठरवून वाढवलेली असते. सासूची कटकट किंवा मार्चएंडचं टार्गेट म्हणजे तो ताण नव्हे. माणसांत पहिल्या वाटेवरची, अ‍ॅड्रेनलिन अडवणारी प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची जुनी गोळी स्तनाच्या कॅन्सरच्या 60 स्त्रियांवर, ऑपरेशनआधी आठवडाभर देऊन तपासली गेली. ऑस्ट्रेलियातल्या या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला. गाठीतल्या, पसरण्याशी निगडित जनुकांची हालचाल मंदावली. आयुष्य वाढतं का, हे त्या चाचणीत तपासलेलंच नव्हतं. तेव्हा केमिस्टकडून ती गोळी मनाने आणू नका. दम्याच्या माणसाला ती चांगलीच महागात पडू शकते.

उलट्या बाजूचंही सांगतो. केमोच्या वेळी उलट्या होऊ नयेत म्हणून दिली जाणारी डेक्सामेथासोन ही याच कॉर्टिसॉलच्या कुळातली. हे वाचून कुणी परस्पर डेक्सा बंद केली, तर उलट्यांनी बेजार होऊन केमोच अर्धवट सुटायची. शंका असेल तर चिठ्ठी घेऊन ऑन्कॉलॉजिस्टलाच विचारा.