अकाउंट बंद झालंय? अपील टाकण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक एक अपील घाईघाईत टाकून, ते फेटाळलं गेल्यावर येतात. पहिल्या अपिलाआधी काय बघायचं ते हाताशी असावं, म्हणून हे पत्रक.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमची कुठल्याही सोशल मीडिया कंपनीत आतून ओळख नाही. आम्ही अर्ज नीट लिहून देतो आणि सोबतची कागदपत्रं तपासतो, एवढंच. त्यातलंही बरंचसं तुम्ही घरबसल्या स्वतः करू शकता.

पडद्यावर नेमकं काय लिहिलंय?

‘माझं अकाउंट उडालं’ असं सगळेच सांगतात, पण त्यामागे निरनिराळी कारणं असतात. पासवर्ड चालत नाही, ईमेल भलताच दिसतोय, तर अकाउंट हॅक झालंय. तिथे अपील उपयोगाचं नाही. त्यासाठी फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं वेगळं पान आहे: साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत ‘हॅक्ड’ (hacked) टाइप केलं की ते उघडतं. फेसबुक अकाउंट स्वतःच डिलीट केलं असेल, तर ३० दिवसांच्या आत लॉगिन करून ते थांबवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर उलटे मोजले जाणारे तास दिसत असतील, तर बंदी तात्पुरती आहे. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखं अनधिकृत अ‍ॅप हे त्याचं नेहमीचं कारण. ते काढून मूळ अ‍ॅप टाकायचं.

‘आमच्या नियमांचा भंग झाल्यामुळे तुमचं अकाउंट बंद केलं आहे’ अशा अर्थाचा संदेश असेल, तरच पुढचं वाचा. आणि त्या संदेशाचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. कुठला नियम मोडला म्हणतात, ते पुष्कळदा त्या एकाच पडद्यावर दिसतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकमेकांना जोडलेली असतील तर जरा थांबा. कधीकधी एकावरच्या कारवाईमुळे दुसरंही बंद होतं. मूळ कारवाई ज्या अकाउंटवर झाली, अपील तिथूनच टाकावं लागतं. दुसऱ्यावर कितीही अर्ज केले तरी काही हलत नाही.

मुदत

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर निर्णय अमान्य असल्याचं कळवायला साधारणपणे १८० दिवस मिळतात. उरलेले दिवस पडद्यावर दिसतात. ते संपले की अकाउंट कायमचं बंद. त्याच पडद्यावर आपली माहिती डाउनलोड करण्याची सोय दिसली, तर आधी ती वापरा. निकाल काहीही लागो, फोटो तरी हाती राहतील. यूट्यूबचं गणित वेगळं: ९० दिवसांत तीन स्ट्राइक (नियम मोडल्याच्या नोंदी) झाले की चॅनेल बंद होतं. म्हणून तिथे पहिला स्ट्राइक चुकीचा वाटला, तर तेव्हाच दाद मागायची, तिसऱ्याची वाट बघायची नाही.

लिहायचं काय?

पुष्कळदा लिहायला जागाच नसते. ओटीपी, ओळखपत्र, नाहीतर मान वळवत काढायचा सेल्फी व्हिडिओ, एवढ्यावरच काम असतं. पण लिहायला चौकोन दिला असेल, तर तो असतो अगदी लहान, आणि खरी गडबड तिथेच होते.

एक चित्रकला शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. नग्नतेच्या नियमाखाली त्यांचं अकाउंट बंद झालं होतं. त्यांनी लिहून आणलेला मजकूर असा:

“सर, मी इतकी वर्षं प्रामाणिकपणे हे अकाउंट वापरते आहे. मी काहीही चुकीचं केलेलं नाही. माझी सगळी मेहनत यात आहे. कृपया अकाउंट परत द्या, मी आयुष्यभर ऋणी राहीन. नाहीतर मला कायदेशीर कारवाई करावी लागेल.”

यात एकही शब्द खोटा नव्हता, पण उपयोगाचाही नव्हता. ‘काहीही चुकीचं केलेलं नाही’ हे स्पॅम पाठवणाराही लिहितो. विनवणीपाठोपाठ धमकी आली की दोन्ही वाया जातात. आणि कुठली पोस्ट, कुठला नियम, याचा पत्ताच नाही. आम्ही त्यांच्याशी बोलून हे लिहिलं:

“माझं अकाउंट नग्नतेच्या नियमाखाली बंद झालं आहे. मी प्रौढांना चित्रकला शिकवते. आक्षेप घेतलेली पोस्ट हा फोटो नसून मी कोळशाने काढलेलं रेखाचित्र आहे. खाली डाव्या कोपऱ्यात माझी सही दिसते. तुमच्या नियमांत चित्रांमधल्या नग्नतेला परवानगी आहे. कृपया ही पोस्ट पुन्हा तपासावी.”

कोपऱ्यातली सही आम्हाला बोलता बोलता सापडली. वाचणाऱ्याला क्षणात पडताळता येईल अशी एक तरी गोष्ट अपिलात असावी, आणि ती बहुधा तुम्हालाच माहीत असते. नियमाचं पान मात्र स्वतः उघडून वाचा. सवलती तिथेच खाली, कोणी वाचत नाही अशा ठिकाणी लिहिलेल्या असतात. त्या शिक्षिकांचं अकाउंट उघडलं. दर वेळी उघडतं असं नाही.

आणि चूक खरंच झाली असेल तर? फॉलोअर्स वाढवणारं अ‍ॅप जोडलं होतं, एकच मजकूर शंभर जणांना पाठवला, दुसऱ्याचा व्हिडिओ उचलला? तर तसंच लिहा, आणि ते अ‍ॅप काढलं, ते काम थांबवलं, हेही लिहा. ‘कोणीतरी हॅक करून टाकलं’ ही पळवाट अनेकांना सुचते. ती काढू नका. पोस्ट कुठल्या फोनवरून गेली, हे कंपनीकडे नोंदलेलं असतं.

भाषा जी नीट लिहिता येते ती वापरा. रोमन लिपीतलं, अर्धवट स्पेलिंगचं मिश्रण मात्र टाळा. माणसाला आणि यंत्राला, दोघांनाही ते जड जातं.

ओळखपत्र

नाव आणि जन्मतारीख अकाउंटवरच्या माहितीशी जुळायला हवी. टोपणनावाच्या अकाउंटला खऱ्या नावाचं ओळखपत्र जोडलं की अडतं. फोटो काढताना कार्ड गडद पृष्ठभागावर ठेवा, चारही कोपरे दिसू द्या, फ्लॅश बंद ठेवा. चकाकीमुळे नेमका जन्मतारखेचा आकडा पुसला गेल्याची उदाहरणं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. स्कॅनवर खाडाखोड किंवा क्रॉप करून ‘सुंदर’ केलेली प्रत पाठवू नका. आणि कमी वयाच्या कारणावरून अकाउंट बंद झालं असेल (बहुतेक ठिकाणी किमान वय १३ आहे), तर निकाल बहुधा या कागदावरच लागतो.

पाठवल्यानंतर

वाट बघणं अवघड जातं, मान्य. पण रोज नवा अर्ज टाकल्याने रांगेत पुढे जाता येत नाही. त्या काळात नवं अकाउंटही काढू नका. बंदी चुकवायला काढलेलं अकाउंट हाच पुष्कळ ठिकाणी वेगळा नियमभंग धरला जातो.

याच दिवसांत तुम्हाला ‘मदत’ करणारे भेटतील. मदत मागणारी पोस्ट टाकलीत की काही मिनिटांत ‘अमुक तज्ज्ञाने माझं अकाउंट परत मिळवून दिलं’ अशा कमेंट येतात. ते आगाऊ पैसे, मग ओटीपी, मग बॅकअप कोड (ओटीपी नसताना लॉगिन करायला दिलेले राखीव कोड) मागतात. कंपनीच्या नावाने ‘अपील करण्यासाठी इथे क्लिक करा’ असे ईमेलही येतात. फेसबुकचा सुरक्षेविषयीचा खरा ईमेल ‘फेसबुकमेल डॉट कॉम’वरून येतो, इन्स्टाग्रामचा ‘मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम’वरून. शंका आली तर लिंकला हात न लावता अ‍ॅपमधूनच लॉगिन करून बघा.

आमच्याकडे येताना

बंदीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, कंपनीकडून आलेले ईमेल, आधी टाकलेल्या अपिलाचा मजकूर आणि अकाउंटला जोडलेला नंबर ज्यात चालू आहे तो फोन, एवढं आणा. तुमच्या व्यवसायाचं पेज असेल, तर त्याचे अ‍ॅडमिन कोण कोण आहेत ते आधी बघून या. दुसरा अ‍ॅडमिन असेल तर निदान पेज चालू ठेवता येतं.

पासवर्ड आम्हाला सांगू नका, चिठ्ठीवर लिहूनही आणू नका. तो आम्हाला लागत नाही. ओटीपी आला तर तुमच्याच हाताने टाका.