बॅटरीच्या अर्थाचा अनर्थ

बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात जुनी मॉरिस गाडी मिस मारायला लागली की गॅरेजात आधी प्लग निघतात, मग पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) घासले जातात, शेवटी कार्ब्युरेटर खोलला जातो. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन बारीक वायरींकडे कुणी बघत नाही. त्या उलट्या जोडल्या तरी गाडी सुरू होते ना!

या घोळाचं मूळ 1930च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या कारखान्यांनी त्या काळात बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला द्यायला, म्हणजे गाडी ‘पॉझिटिव्ह अर्थ’ करायला सुरुवात केली. टर्मिनल कमी गंजतात, असं एक कारण सांगितलं जाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तांब्याच्या तारा गंजू नयेत म्हणून पॉझिटिव्हच जमिनीला देतात, त्यामुळे कल्पना अगदीच निराधार नव्हती. गाडीत मात्र तिचा फार उपयोग झाला असं मला वाटत नाही.

 1950च्या दशकात देशी रस्त्यांवर दोन घराणी आली. हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली. ही मूळ इंग्रज गाडी 12 व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थची. विलीजची जीप 6 व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थची; फियाटही निगेटिव्हच. बेळगावसारख्या छावणीच्या गावात जिपांना काय तोटा! सकाळी जीप आणि दुपारी मॉरिस हाताळणाऱ्या फिटरची गल्लत झाली तर त्याला दोष कसा द्यायचा?

पुढे बॅटरी चार्ज करायला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. क्रायस्लरने तो 1960 मध्ये व्हॅलियंटला बसवला. त्यातल्या डायोडना (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांना) बॅटरी उलटी लागली की ते जळतात, म्हणून सगळ्यांसाठी एकच दिशा ठरणं भाग पडलं. इंग्लंडची एमजीबी ही स्पोर्ट्स कार 1967च्या अखेरीस निगेटिव्हवर आली. मग जुन्या गाड्यांचीही बॅटरी फिरवली जाऊ लागली, कधी नुसत्या ट्रान्झिस्टर रेडिओपायी. दिव्यांना फरक पडत नाही. स्टार्टर त्याच दिशेने फिरतो. डायनॅमोच्या फील्डच्या गुंडाळीला क्षणभर करंट दाखवला की तो नवी दिशा धरतो. करंट दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा उलटा पळतो, म्हणून तो तरी लक्षात येतो. कॉइल तशीच राहून जाते.

आणि खरी गोम तिथेच आहे. प्लगचा मधला इलेक्ट्रोड सर्वांत जास्त तापतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ठिणगी पडताना तो निगेटिव्ह हवा. उलटा असला तर साधारण 15 ते 30 टक्के जास्त व्होल्टेज लागतं. नव्या प्लगवर हे जाणवत नाही. झिजलेला प्लग, ओली हवा आणि चोर्ला घाटाचा चढ एकत्र आले की जाणवतं.

लुकास या इंग्रज कंपनीच्या जुन्या कॉइलवर प्लस-मायनस नसायचं. एसडब्ल्यू म्हणजे स्विच, सीबी म्हणजे पॉइंटकडची बाजू. चिन्हांच्या कॉइलला हिशेब सोपा: बॅटरीचं जे टोक बॉडीला, कॉइलचं तेच टोक डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे पॉइंटकडे. तरी शंका उरली, तर प्लगची वायर थोडी वर उचलून धरायची आणि मधल्या फटीत शिसपेन्सिलीचं टोक न्यायचं. ठिणगी प्लगच्या अंगाला फुलली तर जोडणी बरोबर; वायरच्या अंगाला फुलली तर कॉइलच्या वायरींची अदलाबदल करायची.