स्टीलपट्टी, डायल, लेसर : शाफ्ट अलाइनमेंटची पार्श्वभूमी

मोटार आणि पंप यांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, चालू स्थितीत एका रेषेत नसले, तर त्यांना जोडणाऱ्या कपलिंगचे रबरी बुश झिजू लागतात आणि गार्डखाली बेसप्लेटवर त्यांची काळी भुकटी साचते. भोसरी-चाकणच्या देखभाल विभागांत ही खूण सगळे ओळखतात. रेषा मोजण्याची पद्धत मात्र पिढ्यांगणिक बदलत गेली.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९६२ साली एमआयडीसी अस्तित्वात आली, त्या काळात फिटरची मुख्य साधने म्हणजे स्टीलपट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि डायल (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे मापक). पट्टीने कपलिंगचा बाह्य पृष्ठभाग जुळतो, शाफ्टचा अक्ष नव्हे. कपलिंगचे भोक किंचित बाजूला पडले असेल, तर पट्टी चक्क फसवते. शाफ्ट फिरवून डायलचे वाचन घेतले की ही चूक टळते, पण हिशेब वाढतो. वर शून्य लावलेला डायल खाली ०.४० मिमी दाखवत असेल, तर अक्षांमधले अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ०.२० मिमी असते. शिवाय डायल धरणारा दांडा स्वतःच्या वजनाने वाकतो, त्यामुळे तो आधी एखाद्या जाड नळीवर बसवून त्याचा झोल मोजावा लागतो आणि वाचनातून वजा करावा लागतो. समोरासमोरच्या दोन डायलची 'रिव्हर्स' पद्धत आली, तेव्हा शाफ्टच्या पुढे-मागे सरकण्याने येणारी चूक गेली. यंत्राच्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्रे, किती घालायचे हे आलेखकागदावर रेषा ओढून काढता येऊ लागले. माझ्या मते ही पद्धत शिकलेला फिटर आजही लेसर अधिक समजून वापरतो.

लेसर १९६० साली मायमन यांनी पहिल्यांदा दाखवला. पण यंत्राच्या पायाशी नेता येईल असे साधन व्हायला खोलीच्या तापमानात सतत चालणारा अर्धसंवाहक लेसर आणि स्वस्त मायक्रोप्रोसेसर या दोन्हींची वाट पाहावी लागली. १९८४ च्या सुमारास जर्मनीच्या प्रुफटेक्निक कंपनीने 'ऑप्टालाइन' बाजारात आणले : एका शाफ्टवर लेसर आणि संवेदक, दुसऱ्यावर किरण परतवणारा प्रिझम, आणि आकडेमोड संगणकाकडे. किरणाला झोल नसतो, हा सर्वांत मोठा लाभ होता.

तरीही ब्रॅकेटची साखळी सैल राहिली किंवा गरम हवेतून किरण गेला, तर वाचन डळमळते. मोटारीचा एक पाय बेसवर नीट टेकत नसेल, तर बोल्ट आवळताच जुळवलेली रेषा पुन्हा हलते. म्हणून हा दोष, 'सॉफ्ट फूट', आधी काढावा लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ३०० मिमी उंचीचा पोलादी आधार ४० अंशांनी तापला की सुमारे ०.१४ मिमी वाढतो, आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या यंत्राला अक्षांमध्ये साधारण ०.०९ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. थंड यंत्रावर ही वाढ धरून मुद्दाम किती खाली ठेवायचे, तो आकडा अजूनही माणसानेच उपकरणात भरायचा असतो.