मूल कोणाचे? ‘गॉन बेबी गॉन’मागचा इतिहास

बेन ॲफ्लेक यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘गॉन बेबी गॉन’ 2007 साली प्रदर्शित झाला. बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातून अमांडा ही चार वर्षांची मुलगी नाहीशी होते आणि तिची मामी पॅट्रिक केंझी व अँजी जेनारो या खासगी गुप्तहेरांना शोधाची गळ घालते. मुलीची आई व्यसनी आणि बेफिकीर आहे. मुलगी अखेर सापडते ती एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या घरी, सुखात आणि मायेत वाढत असलेली. (शेवट सांगितल्यावाचून या चित्रपटाची पार्श्वभूमी सांगता येत नाही.) तिला तिथेच राहू द्यावे, की जन्मदात्रीच्या हवाली करावे? हा पेच लेखकाच्या कल्पनेतून अचानक उगवलेला नाही. त्यामागे अमेरिकी समाजाची आणि कायद्याची जवळजवळ वीस वर्षांची घालमेल आहे.

मे 1979 मध्ये न्यूयॉर्कमधील सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसकडे चालत जाताना बेपत्ता झाला, आणि 1981 मध्ये फ्लोरिडातील एका दुकानातून पळवलेल्या, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाची हत्या झाली. या दोन घटनांनी देश हादरला. 1984 मध्ये हरवलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि त्याच सुमारास दुधाच्या खोक्यांवर अशा मुलांची छायाचित्रे झळकू लागली. रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर अनोळखी अपहरणकर्त्याची भीती येऊन बसली. वस्तुस्थिती मात्र वेगळी होती. 1999 या वर्षाबद्दलच्या सरकारी अभ्यासात बेपत्ता म्हणून नोंदवलेल्या मुलांची संख्या सुमारे आठ लाख निघाली, तर परक्या किंवा जेमतेम ओळखीच्या माणसाने केलेली, ज्यांना आपण सर्रास ‘अपहरण’ म्हणतो तशी प्रकरणे जेमतेम 115. कथेत अपहरणाच्या कटात अमांडाचा मामाच सामील असतो, हे म्हणूनच मला केवळ रहस्यकथेतले वळण वाटत नाही.

दुसरा धागा कायद्याचा, आणि तोच अधिक महत्त्वाचा. 1980 च्या संघीय कायद्याने मूल घरातून काढण्यापूर्वी कुटुंब टिकवण्याचे ‘वाजवी प्रयत्न’ करणे राज्यांवर बंधनकारक केले. पालक आदर्श नाहीत एवढ्यावरून त्यांचा मूलभूत हक्क संपत नाही, तो काढून घ्यायचा तर स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा हवा, असे 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. परंतु कुटुंब सांभाळण्याच्या या आग्रहापायी मुले पुन्हा त्याच छळात ढकलली जातात, अशी ओरड वाढत गेली. 1997 च्या नव्या कायद्याने पारडे फिरवले: मुलाचे आरोग्य आणि सुरक्षितता सर्वांत वर आली, आणि मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने मूल सरकारी देखरेखीखाली राहिले असेल, तर काही अपवाद सोडता पालकांचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करणे राज्यांना भाग पडले.

डेनिस लेहेन यांची मूळ कादंबरी लगेच पुढच्या वर्षी, 1998 मध्ये आली. लेहेन स्वतः डॉर्चेस्टरमध्ये वाढले आणि लेखक होण्यापूर्वी त्यांनी अत्याचारग्रस्त मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम केले होते. त्यामुळे ज्या यंत्रणेवरचा विश्वास उडाल्याने त्यांची पात्रे कायदा हातात घेतात, ती त्यांनी जवळून पाहिलेली होती. शेजारच्या केंब्रिजमध्ये वाढलेल्या ॲफ्लेक यांनी चित्रीकरण बॉस्टनमधल्याच वस्त्यांत केले आणि अनेक छोट्या भूमिका स्थानिक माणसांना दिल्या. आईच्या भूमिकेसाठी एमी रायन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, ते योग्यच होते. ती आई खलनायिका वाटली असती तर पेचच उरला नसता.

प्रदर्शनाच्या वर्षीच, मे 2007 मध्ये, पोर्तुगालमध्ये सुट्टीवर गेलेल्या ब्रिटिश कुटुंबातील, चार वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस उरलेली मुलगी बेपत्ता झाली. अमांडाचे काम करणाऱ्या बालकलाकाराचे नावही जवळजवळ तिच्यासारखेच होते. लंडनच्या महोत्सवातून चित्रपट मागे घेतला गेला आणि ब्रिटनमधील प्रदर्शन जून 2008 पर्यंत लांबले.

लेहेन यांनाही या गोष्टीने सोडले नाही. 2010 मध्ये त्यांनी याच पात्रांवर पुन्हा कादंबरी लिहिली. पॅट्रिकने मुलीला आईच्या हवाली करून बारा वर्षे झाली आहेत, आणि सोळा वर्षांची अमांडा पुन्हा बेपत्ता आहे.