पार्श्वभूमी : 'हाउझल' या शब्दाची

'हाउझल' म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर-रक्त म्हणून घेतला जाणारा भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद. इंग्रजी वाचणाऱ्यांची या शब्दाशी पहिली गाठ बहुधा एका भुताच्या तोंडून पडते. हॅम्लेटच्या बापाचं भूत तक्रार करतं की मला 'अनहाउझल्ड' मारलं, म्हणजे मरणाआधी ख्रिस्तप्रसादही मिळू दिला नाही. शेक्सपिअरचं हे नाटक १६०० च्या सुमाराचं.

'हाउस'शी, घराशी, या शब्दाचं काही नातं नाही. जुन्या इंग्रजीत तो 'हूसल'. त्याचा गॉथिक (इंग्रजीच्याच कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) भाऊबंद 'हुन्सल' चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरात आहे. 'मला दया हवी, यज्ञ नको' यातला यज्ञ म्हणजे हुन्सल. पुढे इंग्लंडात लॅटिन नाव बाजूला ठेवून हाच देशी शब्द वेदीवरच्या भाकरी-द्राक्षारसाला लागला.

त्यावरून भांडण लागलं ते मात्र कित्येक शतकांनी. इ.स. १००० च्या आसपास एका मठवासीयाने ईस्टरचं प्रवचन लिहिलं होतं : हूसल हे ख्रिस्ताचं शरीर आहे, पण देहरूपाने नव्हे, आत्मिक अर्थाने. भाकरीचा खरोखर देह होतो हे कॅथलिक मत न मानणाऱ्या इंग्लंडातल्या प्रॉटेस्टंट धर्माधिकाऱ्यांनी १५६६ च्या सुमारास ते छापलं. पाहा, आमचं मत नवं नाही, आपले पूर्वजही हेच मानत होते, असा त्यांचा दावा. अडचण अशी, की त्याच प्रवचनात वेदीवर प्रत्यक्ष बालक दिसल्याची चमत्कारकथाही होती. ती कोणीतरी मागाहून घुसडली असावी, असा शेरा मारून संपादक मोकळे झाले! सोयीचं ते अस्सल, गैरसोयीचं ते प्रक्षिप्त. आपल्याकडच्या पोथ्यांच्या संपादनातही ही खोड ओळखीची आहे. मूळ लेखकाला दोन्हींत विसंगती वाटली नसावी, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

तोवर नावंच बदलत होती. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात 'प्रभूचं भोजन', 'पवित्र कम्युनियन' आणि 'मास' ही तिन्ही एकाच शीर्षकात होती. १५५२ मध्ये 'मास' हे जुनं कॅथलिक नाव गळालं. मराठीतही 'प्रभुभोजन' (प्रॉटेस्टंट) आणि 'मिस्सा' (कॅथलिक) यांवरून बोलणाऱ्याचा पंथ कळतोच.

सरकारी दप्तरात मात्र जुना शब्द टिकून होता. १५४८ च्या पाहणीत पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली, लोकसंख्या 'हाउझलिंग लोक' म्हणून, प्रसाद घेण्याच्या वयाची माणसं मोजून, नोंदवलेली आहे. आणि इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या विम्बोर्नच्या चर्चमध्ये प्रसाद घ्यायला गुडघे टेकतात त्या कठड्यावर लांब पांढरं कापड अंथरतात, त्याला अजून 'हाउझलिंग क्लॉथ' म्हणतात.