मेंदूचे चुंबकीय उत्तेजन

औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर चुंबकीय स्पंदनांनी केला जाणारा उपचार. डॉक्टर आणि रुग्ण त्याला आरटीएमएस म्हणतात. याचे नाव काढले की घरचे आधी विचारतात, ‘म्हणजे शॉक देणार का?’ नाही. यात भूल देत नाहीत, मुद्दाम झटका आणत नाहीत. रुग्ण खुर्चीत जागा असतो आणि उपचार संपल्यावर स्वतःच्या पायांनी घरी जातो.

डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर जोरदार प्रवाह सोडतात. त्यातून उमटणारे चुंबकीय क्षेत्र कवटी सहज ओलांडते आणि बदलत्या क्षेत्रामुळे चेतापेशींत बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. मेंदूवर ते १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी साधले.

मात्रा ठरवतानाचा क्षण पाहण्यासारखा असतो. कॉइल डावीकडे, हाताच्या हालचाली चालवणाऱ्या भागावर धरून ताकद हळूहळू वाढवत नेतात आणि अचानक उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. या ताकदीच्या साधारण १२० टक्के मात्रा धरून कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या अंगाला सरकवतात. नैराश्यात तिथले काम मंदावलेले आढळते, तर खोलवरचा, उदासीशी निगडित भाग अतिसक्रिय असतो. कॉइलची थेट पोच दोन-तीन सेंटिमीटरच. पण हे दोन भाग एकाच जाळ्यात असल्याने वरून दिलेली चालना आतवर पोचत असावी, असा आजचा सर्वाधिक पटणारा तर्क आहे. नेमकी यंत्रणा अजून सिद्ध व्हायची आहे.

अमेरिकेत २००८ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेसह अनेक ठिकाणी तो मिळतो. गुण सर्वांनाच येतो असे नाही, आणि आला तरी काहींना पुन्हा त्रास होतो. डोके दुखणे, कॉइलच्या टकटकीने डोक्याची कातडी हुळहुळणे हे नेहमीचे. फिट क्वचितच येते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवलेले उपकरण, असेल, तर मात्र हा उपचार सहसा टाळतात.

खरी अडचण फेऱ्यांची. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावे लागते, आणि ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्यालाच! म्हणून २०१८ मध्ये एका अभ्यासात तीन मिनिटांचे सत्र जुन्या ३७ मिनिटांच्या सत्राइतकेच उपयोगी ठरले, ही मोठी गोष्ट होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पद्धतीत तर रोज दहा सत्रे देऊन सारा उपचार पाच दिवसांत आटोपतात.